मधला माणूस

मध्य प्रदेशातल्या पन्ना व्याघ्र प्रकल्पात २०१३ साली एक तरुण नर वाघ गळ्यात पट्टा घालून फिरत होता. कागदोपत्री त्याचं नाव पन्ना-२११. पट्ट्यातलं यंत्र ठरावीक वेळाने आपण कुठे आहोत ते उपग्रहाला कळवी, उपग्रह ते जमिनीवर उतरवी आणि शेवटी ते अक्षांश-रेखांश डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेतले शास्त्रज्ञ डॉ. के. रमेश यांच्या ईमेलमध्ये येऊन पडत. त्या जुलै महिन्यात कुणीतरी पुण्यातून हे ईमेल खातं उघडायचा प्रयत्न केला. खातं रोज जिथून उघडलं जायचं तिथून ही जागा हजार किलोमीटरहून लांब, म्हणून सर्व्हरला संशय आला आणि त्याने दार उघडलं नाही. उघडलं असतं तरी आतली माहिती सांकेतिक लिपीत होती. प्रयत्न फसला, पण वन्यजीव अभ्यासकांच्या बोलण्यात एक नवा शब्द येऊन बसला: सायबर-शिकार.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाला शिकार म्हटलं की जबड्याचा लोखंडी सापळा आठवतो, कुंपणाच्या तारेत सोडलेला करंट आठवतो, पाणवठ्यात कालवलेलं विष आठवतं. त्यासाठी वाघाच्या वाटेवर जावं लागतं, वनरक्षकाची गस्त चुकवावी लागते. पुण्यातल्या त्या इसमाला यातलं काही करायचं नव्हतं. त्याला वाघाजवळ जायचं नव्हतं आणि रमेश यांच्याजवळही. दोघांच्या मधे जाऊन बसलं की काम होणार होतं. गळ्यात असा पट्टा असलेले वाघ आता आपल्याकडेही आहेत. यवतमाळच्या टिपेश्वरमधून २०१९मध्ये निघालेला ‘वॉकर’ तेलंगणाच्या हद्दीत शिरून, शेतं-रस्ते ओलांडत तीन हजार किलोमीटर चालला आणि बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. ही सगळी पायपीट आपल्याला कळली ती त्याच मधल्या वाटेने.

संगणक-गुन्ह्यांवरच्या पुस्तकांत प्रकारांच्या लांबलचक याद्या असतात. व्हायरस, वर्म, ट्रोजन, फिशिंग, रॅन्समवेअर. याद्या पाठ करून फार हाती लागत नाही. मला या गुन्ह्यांच्या इतिहासाकडे पाहताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. एकमेकांवर भरवसा ठेवणाऱ्या दोन टोकांच्या मधे एक जागा असते, आणि चोर तिथे बसतो. जंगलातल्या माणसाला ही जागा नवी नाही. तेंदूपत्त्याच्या फडीवर, म्हणजे पानं मोजून घेतात त्या जागी, तोडणारा आणि ठेकेदार यांच्या मधे मुन्शी बसत आला आहे. सत्तर पानांचा पुडा, शंभर पुड्यांचा शेकडा, आणि ‘यात खराब निघतील’ म्हणून शेकड्यामागे चार-दोन पुडे फुकट. चार पुड्यांसाठी कोण भांडतो? पण अख्ख्या फडीचा हंगामाचा हिशेब केला तर मुन्शीच्या पदरात गोण्याच्या गोण्या पडतात. संगणकाच्या जगात याच युक्तीला ‘सलामी ॲटॅक’ म्हणतात. हजारो खात्यांतून प्रत्येकी काही पैसे कापायचे, कुणाच्या लक्षात येणार नाही इतके. खरं तर ही युक्ती पुस्तकांत जितकी रंगवून सांगतात तितकी कोर्टात सापडत नाही. फडीवर मात्र तिला शोधावं लागत नव्हतं.

आता ‘हॅकर’ या शब्दाचं थोडं. तो मुळात शिवी नव्हता. अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेत खेळण्यातल्या आगगाड्यांचा नाद असलेल्या पोरांचा क्लब होता. रुळांखालच्या तारांच्या गुंत्यात एखाद्याने चलाख जोडणी केली की ते तिला ‘हॅक’ म्हणत. १९६०च्या आसपास हीच पोरं संस्थेच्या संगणकांकडे वळली आणि शब्द सोबत घेऊन गेली. शब्दाला काळी छटा आली ती टेलिफोनमुळे. अमेरिकेतल्या ट्रंक लाइनवर २६०० हर्ट्झचा सूर वाजला की यंत्रणा समजायची, लाइन मोकळी आहे. न्याहारीच्या ‘कॅप्टन क्रंच’ नावाच्या खाऊच्या पुड्यात फुकट मिळणारी शिट्टी नेमका हाच सूर काढते, असं काही जणांच्या ध्यानात आलं आणि जॉन ड्रेपर नावाचा माणूस त्या खाऊच्या नावानेच ओळखला जाऊ लागला. फुकट फोन लागायचे ते यंत्रणेच्या एका भोळेपणामुळे: माणसांचं बोलणं आणि यंत्रांचे हुकूम एकाच तारेतून जायचे. ट्रंक कॉल लावायला पोस्टात ताटकळलेल्या आणि मधे बसलेल्या ऑपरेटरला ‘हॅलो, आवाज येत नाही’ म्हणून विनवलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना ही भानगड चटकन कळली असती.

पुढचा टप्पा झपाट्याने सांगतो. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला ‘वर्म’ त्या काळच्या चिमुकल्या इंटरनेटवर इतका वळवळला की हजारो यंत्रं ठप्प झाली. गंमत म्हणजे त्याचे वडील अमेरिकी गुप्तहेर यंत्रणेत संगणक सुरक्षेचेच तज्ज्ञ होते. पोराला शिक्षा झाली आणि पुढे तो एमआयटीत प्राध्यापकही झाला. २००० साली फिलिपाइन्समधल्या एका तरुणाचं ‘आय लव्ह यू’ असं शीर्षक असलेलं ईमेल जगभरातल्या कचेऱ्यांत उघडलं गेलं. त्याच्यावर खटला उभा राहिला नाही, कारण त्या देशात तसा कायदाच नव्हता.

कायदा आपल्याकडेही नव्हता, आणि ते जाणवलं तुर्भ्यात. मे १९९८मध्ये पोखरणला अणुचाचण्या झाल्या आणि जूनमध्ये ‘मिलवर्म’ नावाच्या टोळीने भाभा अणुसंशोधन केंद्राच्या सर्व्हरमध्ये शिरून शास्त्रज्ञांचे ईमेल उचलले आणि संस्थेच्या वेबसाइटवर अणुस्फोटाच्या ढगाचं चित्र लावलं. टोळी म्हणजे कोण? अमेरिका, इंग्लंड, नेदरलँड्स, न्यूझीलंड अशा देशांतली पंधरा ते अठरा वर्षांची पोरं. एकमेकांना प्रत्यक्ष कधी न भेटलेली. पैसा हा त्यांचा हेतू नव्हता. निषेध होता, आणि त्याहून जास्त फुशारकी. आपला माहिती तंत्रज्ञान कायदा त्यानंतर १७ ऑक्टोबर २००० रोजी लागू झाला.

या कायद्यातलं एक कलम गडचिरोलीत बसून वाचलं की वेगळंच दिसतं. त्यातल्या गुन्ह्यांचा तपास पोलीस निरीक्षकाच्या खालच्या हुद्द्याच्या अधिकाऱ्याला करता येत नाही. सुरुवातीला तर उपअधीक्षकच हवा होता, २००९पासून निरीक्षक चालतो. मुंबई-पुण्यात निरीक्षक पायलीचे पन्नास. भामरागड, एटापल्लीच्या आतल्या भागात मात्र पोलीस मदत केंद्र म्हणजे काटेरी तारा, वाळूची पोती आणि प्रभारी म्हणून बहुधा एखादा तरुण उपनिरीक्षक. तिथे एखाद्याच्या खात्यातून पैसे गेले तर तक्रार त्याच्यापुढे येणार, पण तपासाचा कागद वर सरकणार. याच कायद्याच्या ६६अ या कलमाने नेमकं उलटं टोक दाखवलं. नोव्हेंबर २०१२मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिलं म्हणून आणि ते ‘लाइक’ केलं म्हणून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. तिथे मात्र हुद्दा, अंतर काही आडवं आलं नाही. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केलं.

फुशारकीचा काळ संपून पैशाचा काळ सुरू झाला त्याची आपल्याकडची खूण पुण्यात आहे. २००५मध्ये तिथल्या एका कॉल सेंटरमधल्या काही कर्मचाऱ्यांनी सिटी बँकेच्या न्यूयॉर्कमधल्या चार ग्राहकांचे गुप्त क्रमांक फोनवर गोडीगुलाबीने काढून घेतले आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर पुण्यातल्या बनावट खात्यांत वळवले. यात संगणकाचं कुलूप कुणी फोडलं नव्हतं. ग्राहक आणि बँक यांच्या मधे पगार घेऊन बसवलेल्या माणसांनीच ते केलं होतं.

तेरा वर्षांनी त्याच शहरात जे घडलं ते समजून घ्यायला जरा थांबावं लागेल. आपण एटीएममध्ये कार्ड घालतो तेव्हा ते यंत्र स्वतः काही ठरवत नाही. ते निरोप पाठवतं: अमुक कार्ड, इतके पैसे मागतंय, देऊ का? निरोप आधी ‘स्विच’ नावाच्या संगणकाकडे जातो. स्विच बँकेच्या मुख्य हिशेबाला विचारतो, खात्यात शिल्लक आहे का पाहिलं जातं, होकार किंवा नकार उलट्या वाटेने परत येतो. कॉसमॉस ही १९०६ साली स्थापन झालेली सहकारी बँक. ११ ऑगस्ट २०१८च्या शनिवारी, बँका सुट्टीच्या मूडमध्ये असताना, तिच्या या वाटेत चोरांनी आपला एक नकली स्विच उभा केला. आता एटीएमचा निरोप खऱ्या हिशेबापर्यंत पोहोचतच नव्हता. नकली स्विच मधेच म्हणायचा, हो, दे. शिल्लक कुणी पाहिलीच नाही. तिकडे २८ देशांत नकली कार्डं घेऊन माणसं एटीएमपुढे उभी होती. परदेशात सुमारे बारा हजार व्यवहारांत ७८ कोटी आणि भारतात, त्यात कोल्हापूरही आलं, अडीच कोटी रुपये काढले गेले. सोमवारी १३ तारखेला परदेशी बँकांत पैसे पाठवण्याच्या ‘स्विफ्ट’ यंत्रणेतून आणखी १३.९२ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण ९४.४२ कोटी.

संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ गटाने पुढे या दरोड्याचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. पुण्याच्या न्यायालयात २०२३मध्ये अकरा जणांना शिक्षा झाली, पण ते होते एटीएमपुढे उभे राहणारे, रोजंदारीवरचे. कट ज्यांनी रचला ते त्यांच्यात नव्हते. फासा लावणारा पकडला जातो आणि कातडी विकत घेणारा दूर कुठल्यातरी देशात बसून असतो, हे वाघाच्या शिकारीतलं जुनंच गणित आहे.

आता ताडोबा. १९५५चं राष्ट्रीय उद्यान, १९९५पासून ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प. मोहर्ली, कोलारा, नवेगाव या गेटांवर पहाटे साडेपाचला जिप्सींची रांग लागते, त्यातले बहुतेक जण आपली सफारी महिना-दोन महिने आधी इंटरनेटवर राखून आलेले असतात. हे बुकिंग एका खासगी कंपनीकडे दिलेलं होतं. पर्यटकाने पैसे भरायचे कंपनीच्या संकेतस्थळावर, कंपनीने आपलं कमिशन कापून उरलेले द्यायचे व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानला. लेखापरीक्षणात दिसलं की कंपनीने द्यायचे होते २२ कोटी ८० लाखांच्या आसपास, आणि दिले होते १० कोटी ६५ लाख. ऑगस्ट २०२३मध्ये चंद्रपूरच्या रामनगर पोलीस ठाण्यात बारा कोटी पंधरा लाखांच्या अपहाराचा गुन्हा दाखल झाला. प्रकरण पुढे सक्तवसुली संचालनालयापर्यंत गेलं.

याला संगणक-गुन्हा म्हणावं का, यावर दोन मतं होतील. कुणी पासवर्ड चोरला नाही, कुणी व्हायरस सोडला नाही. संकेतस्थळ व्यवस्थित चालत होतं. पर्यटकाला तिकीट मिळत होतं, जिप्सी वेळेवर येत होती, नशीब असेल तर वाघही दिसत होता. गेटवर पहारेकरी तिकीट पाहून पर्यटकाला आत सोडत होता. पण त्या तिकिटामागचा पैसा कुठे आहे हे त्या तिकिटावर लिहिलेलं नसतं. आरोप खरा की खोटा ते न्यायालय ठरवेल. मला महत्त्वाचं वाटतं ते एवढंच की दोन टोकांना तक्रार नसताना मधे बारा कोटींचा खड्डा पडू शकतो आणि तो कळायला लेखापरीक्षक लागतो. जुन्या काळी पावतीपुस्तकाचं दुसरं पान कचेरीत राहायचं. इथे दुसरं पानही कंपनीच्याच सर्व्हरवर होतं.

त्या गुन्ह्यानंतर दीड वर्षाने चंद्रपुरातच बँकेची पाळी आली. फेब्रुवारी २०२५मध्ये चंद्रपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या तीसेक ग्राहकांनी पाठवलेले पैसे ज्यांना मिळायचे त्यांना मिळालेच नाहीत. ते भलत्याच खात्यांत गेले होते. रक्कम सुमारे ३ कोटी ७० लाख. अनेक जिल्हा बँका आरटीजीएसचे पैसे थेट रिझर्व्ह बँकेच्या यंत्रणेत टाकू शकत नाहीत, मधे एखाद्या मोठ्या बँकेची शिडी लागते. एका यंत्रणेतून दुसरीत माहिती जाते तो सांधा चोरांना सगळ्यात प्रिय. शाखेतला बाबू आपल्या पडद्यावर ‘व्यवहार यशस्वी’ असं पाहतो, आणि त्याच्या दृष्टीने तो यशस्वी झालेलाच असतो.

अशा चोरीचा पैसा जिरतो कुठे? भाड्याच्या खात्यांत. एखाद्या बेरोजगार पोराला पाच-दहा हजार देऊन त्याचं पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम घेतात. खातं त्याचं, सही त्याची, पोलीस येतात त्याच्याच दारात. २०२१पासून केंद्राने तक्रार आणि बँका यांना जोडणारी यंत्रणा उभी केली. १९३० या क्रमांकावर लगेच फोन केला तर पैसा एका भाड्याच्या खात्यातून दुसऱ्यात उडी मारण्याआधी गोठवता येतो. त्यासाठी आधी फोन लागला पाहिजे. गडचिरोलीत रेंज मिळावी म्हणून टेकडीवर किंवा ठरावीक झाडाखाली जाणारी गावं अजून आहेत.

मधल्या जागेची आणखी दोन रूपं धावती पाहू. २७ जून २०१७ रोजी न्हावाशेवा बंदरातल्या एका टर्मिनलचे संगणक बंद पडले आणि कंटेनर हाताने नोंदवायची वेळ आली. ‘नॉटपेट्या’ नावाचा तो हल्ला मुळात युक्रेनवर होता, आणि तो पसरला कर भरण्याच्या एका नेहमीच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. दुसरं वीज. चंद्रपूरच्या कोळशावर तयार झालेली वीज ७५२ किलोमीटरच्या तारेने पडघ्याला जाते. कुणी किती वीज उचलायची याचा तोल ऐरोलीचं भार प्रेषण केंद्र सांभाळतं. १२ ऑक्टोबर २०२०ला मुंबई अंधारात गेली. एका अमेरिकी कंपनीने भारतीय वीजयंत्रणेत चिनी घुसखोरी झाल्याचा अहवाल काढला, राज्याच्या गृहमंत्र्यांनी सायबर हल्ल्याची शक्यता सांगितली आणि केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी ती मानवी चूक असल्याचं म्हटलं.

आणि एक प्रकार असा, ज्यात काही चोरीलाच जात नाही, उलट ठेवलं जातं. भीमा-कोरेगाव प्रकरणात एका आरोपीच्या लॅपटॉपवर सापडलेली पत्रं बाहेरून घुसलेल्या प्रोग्रामने तिथे पेरली होती, असा निष्कर्ष अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या कंपनीने फेब्रुवारी २०२१मध्ये काढला. त्याच वर्षी तिने नागपूरच्या एका वकिलाच्या संगणकाबद्दलही तसंच सांगितलं. हे वकील गडचिरोलीतल्या सुरजागड जाळपोळ प्रकरणातही आरोपी आहेत. तपास यंत्रणेला हे निष्कर्ष मान्य नाहीत. वनखात्यात जप्तीचा पंचनामा करताना कुऱ्हाड कुठे सापडली, कोण हजर होतं, सह्या कुणाच्या, हे लिहून घेतात. संगणकातल्या फायलीचा तसा पंचनामा कसा करायचा, हे आपल्या न्यायव्यवस्थेसमोरचं खरं कोडं आहे.

शेवटी अंगठा. आत गावात बँक म्हणजे ग्राहक सेवा केंद्र: किराणा दुकानाचा अर्धा भाग, एक लॅपटॉप, आणि आगपेटीपेक्षा थोडं मोठं अंगठ्याचं मशीन. आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि अंगठा एवढ्यावर पैसे निघतात. पासवर्ड नको, कार्ड नको, अक्षरओळखही नको. वीस-पंचवीस किलोमीटर चालत तालुक्याला जाणाऱ्या माणसाला याचं मोल काय आहे ते शहरात बसून कळायचं नाही. पण पासवर्ड बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही. सिरोंचाच्या पलीकडे, तेलंगणाच्या पेद्दपल्ली जिल्ह्यात २०१८मध्ये एका सिमकार्ड विक्रेत्याने जमिनीच्या खरेदीखतांवरचे अंगठे सरकारी संकेतस्थळावरून उतरवले आणि रबरी शिक्के करायच्या यंत्रावर त्यांचे ठसे बनवले. कशासाठी, तर कंपनीने दिलेलं सिमविक्रीचं टार्गेट पुरं करायला! पुढे काही राज्यांत असेच नकली ठसे पैसे काढायला वापरले गेले. आधार प्राधिकरणाने २०२३मध्ये ठसा जिवंत बोटाचाच आहे ना, हे तपासायची जादा सोय केली. आधारचं बायोमेट्रिक कुलूपबंदही करता येतं. त्यासाठी मात्र पुन्हा इंटरनेट तरी हवं, नाहीतर आधार केंद्र तरी गाठायला हवं.

रबराचा अंगठा ही फार खटपटीची चोरी झाली. सोपी चोरी बोलण्यात आहे. एका तालुक्याच्या गावी आठवडी बाजाराच्या दिवशी मी अशा केंद्रासमोर तासभर उभा होतो. पुढे तेंदूच्या मजुरीचे पैसे काढायला आलेली एक म्हातारी. रोवणी, मोहफुलं, पानं बांधणं यात तिच्या बोटावरच्या रेषा पार झिजलेल्या. मशीनवर लाल दिवा. केंद्र चालवणाऱ्या पोराने तिला अंगठा लुगड्याला पुसायला सांगितला, मग डोक्याच्या तेलात घासायला सांगितला. तिसऱ्या वेळी मशीन टिणकलं. मला बाहेरून ऐकू आलं, तिला आत ऐकू आलंच असणार.

“आजी, लागला नाही. पुन्हा ठेवा.”

तिने अंगठा उचलला, पण खाली ठेवला नाही. मशीनकडे पाहिलं, मग पोराकडे.

“मंग पयलेचा अंगठा कुठी गेला, बाबू?”

पोराने लॅपटॉपचा पडदा आपल्याकडे जरा वळवून घेतला, मान खाली घातली आणि नोटा मोजायला लागला.